प्रज्ञेशचं ‘सगळं ठीक आहे’

मँचेस्टरमधल्या त्या गल्लीत धम्मशीला वाहुळे यांच्याविषयी शेजारी म्हणत, "तिच्याकडे नुसतं बसायला जाऊ नये. चहा मिळतो, पण हातात मेथीची जुडीही मिळते." असे म्हणण्यात मधुमतीकाकू पुढे असत, आणि मेथी निवडायलाही त्याच पुढे असत.

ऑफिसात धम्मशीला निराळ्या होत्या. एका रुग्णालयाच्या अपॉइंटमेंट जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये नेण्याचे काम त्यांच्या टीमकडे होते. दर आठवड्याला प्रत्येकाला काचेच्या छोट्या खोलीत बोलावून एकट्याशी बोलायचे, हा त्यांचा नेम. इथेच जन्मलेली मायरा आत शिरताच सांगे, "धम्मशीला, तुझा प्लॅन बकवास आहे." तिची त्यांना कधी काळजी वाटली नाही. काळजी होती प्रज्ञेशची.

प्रज्ञेश लातूरकडच्या खेड्यातला. धम्मशीलांनीच शब्द टाकून त्याला टीममध्ये घेतले होते. तोंडी परीक्षेला आल्यासारखा तो खुर्चीच्या कडेवर बसे.

"चाचण्या कशा चालल्यात?"

"सगळं ठीक आहे, ताई."

"काही अडचण?"

"नाही, ताई."

नवी सिस्टिम सोमवारी सुरू व्हायची होती. गुरुवारीही हेच उत्तर आले, तेव्हा त्यांचा त्यावर विश्वास बसेना. मोठ्या माणसापुढे वाईट बातमी न्यायची नाही, हे वळण त्यांच्या ओळखीचे होते. त्यांचेही बालपण त्याच वळणात गेले होते. आणि गावात मनातले समोरासमोर बसून सांगितले कोणी? बायका बोलत त्या शेंगा फोडताना, नजर शेंगांवर ठेवून.

"उद्या बुद्धविहारात जेवण आहे," त्यांनी शनिवारी त्याला फोन केला. "लसूण सोलायला ये."

रविवारी विहाराच्या स्वयंपाकघरात दोघे शेजारी शेजारी बसले. धम्मशीलांनी कामाचे अक्षरही काढले नाही.

"इथला लसूण बरा," प्रज्ञेश म्हणाला. "पाकळी मोठी."

"सोलायला बरा. चवीला पुचाट."

तो हसला. बराच वेळ नुसती सालपटे पडत राहिली. मग मान वर न करता तो म्हणाला, "ताई, काही अपॉइंटमेंट गळतायत."

"कोणाच्या?"

"ज्यांची तारीख बदललीय, त्यांच्या. नवी तारीख पुढे जातच नाही. मी त्या हातानं भरल्या, म्हणून चाचणी पास दिसली."

धम्मशीलांचा हात थांबला. "म्हणजे केमोथेरपीला आलेलं माणूस उद्या दारातूनच परत गेलं असतं."

"हो."

त्या हात पुसून उठल्या आणि तिथूनच त्यांनी ऑफिसातल्या आपल्या साहेबांना फोन लावला. साहेब आधी कुरकुरले, पण शेवटी म्हणाले की आज कळले हेच नशीब. दुरुस्ती होईपर्यंत जुनीच सिस्टिम चालू ठेवायला त्यांनी सांगितले.

फोन ठेवून धम्मशीला खुर्चीत अक्षरशः कोसळल्या. किती दिवसांनी पुरता श्वास आत गेला होता! प्रज्ञेशही भिंतीला टेकून बसला. कितीतरी दिवसांचे ओझे उतरवून ठेवावे, तसा त्याचा चेहरा सैल झाला होता.

"तुम्ही मला घेतलंत," तो चाचरत म्हणाला. "तुमचं नाव खराब होईल, म्हणून बोललो नाही, ताई."

"माझं नाव सांभाळायला मी आहे. तू चाचण्या सांभाळ."