आईची स्पॅनिश

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निमिया ओवेलार दवाखान्याच्या खिडकीत बसून नंबर देत होती. समोरच्या खेडुतांशी गावची बोली ग्वारानी, पाठीमागच्या डॉक्टरांशी स्पॅनिश. मान वळली की भाषा वळायची.

रांगेत तिची आई होती. एउलोहिया, चर्चला जायच्या कपड्यांत.

"बस आई, बोलावते," निमिया ग्वारानीत म्हणाली.

"आभारी आहे, कन्ये," आईनं स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं.

हे जन्मापासूनचं. ग्वारानी बोलणाऱ्या पोरीला शाळेत मागं बसवतात, म्हणून एउलोहिया मुलीशी स्पॅनिशच बोलली. प्रार्थनेतून आणि रेडिओवरून उचललेली, मोडकी. थोरल्या भावांना ग्वारानीतून शिव्या मिळाल्या, लाड मिळाले. निमियाला सूचना. ती अंगणात आली की तेरेरे पीत बसलेली मंडळी गप्पा थांबवून सावरून बसत. ग्वारानी ती शेजारणींकडून शिकली.

डॉक्टरांनी आईला पडद्यामागच्या खाटेवर झोपवून तपासलं, काय होतं विचारलं.

"पोट थोडे दुखते. मी ठीक आहे."

निमियानं ग्वारानीत खोदून विचारून पाहिलं. तेच उत्तर, स्पॅनिशमध्ये. आई महिनाभर रात्री कण्हते, असं भावानं कळवलं होतं. डॉक्टर टेबलाशी येऊन साधी गोळी लिहू लागले.

"एक मिनिट थांबा," म्हणून निमिया बाहेर गेली. सेफेरिना फरशी पुसत होती.

"मावशी, आईला जरा बोलतं करता?"

"अगं, आई तुझी ना?"

"माझ्याशी नाही बोलत ती."

सेफेरिनानं पोछा भिंतीला टेकवला आणि पडद्याआड गेली.

"काय गं एउलोहिया, एवढी नटून? नवरा बघायला आलीस काय?"

"आले की. पण पोटात नांगर फिरतोय, कोण घेईल पदरात?"

मग ती ग्वारानीत सुटलीच. जेवलं की उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत कळ जाते, पहाटे उलटी होते. पडद्याच्या अलीकडे निमिया खालच्या आवाजात एकेक वाक्य डॉक्टरांना स्पॅनिशमध्ये सांगत होती. आईची थट्टा तिनं एवढ्या जवळून कधी ऐकली नव्हती.

"पोरीला नको सांगूस हं. माझं रडगाणं ऐकायला शिकवलं नाही तिला."

हे वाक्य निमियानं सांगितलं नाही. डॉक्टरांनी गोळीची चिठ्ठी फाडून टाकली आणि सोनोग्राफी लिहून दिली.

आई बाहेर आली. "काळजी नसावी, कन्ये."

"उद्या उपाशीपोटी यावे," निमिया म्हणाली. स्पॅनिशमध्ये.

सोनोग्राफी सकाळी सातला आहे. सेफेरिनाची उद्या दुपारची पाळी आहे. तरी सेफेरिना सकाळी पावणेसातलाच येणार आहे.