ताठलेली मान

अतिदक्षता विभागात तिला सगळे उशीमावशी म्हणत. बावीस वर्षं ती तिथे रुग्णांचं अंग पुसत होती, चादरी बदलत होती, कूस वळवत होती. पण जीव सगळा उशांत. उशी जरा वाकडी दिसली की तिला चैन पडत नसे. "बेशुद्ध असला म्हणून काय झालं, मान तर त्याचीच आहे ना," म्हणत ती प्रत्येकाचं डोकं तळहातावर उचलून उशी सारखी करायची.

बाई प्रेमळ, पण रुसकी. ती रुसली की दोन-दोन दिवस घरात फक्त भांडीच बोलतात, असं तिची धाकटी बहीण सांगायची.

एकदा एक रंगारी दाखल झाला. शिडीवरून पडून त्याच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं, आणि मेंदूत तुंबलेलं पाणी वाहून जावं म्हणून डोक्यातून एक बारीक नळी काढून पिशवीला जोडली. त्याच्या नखांतला पिवळा रंग मावशी तेलाच्या बोळ्याने काढायला बसली, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "राहू द्या मावशी. एकोणीस वर्षं झाली लग्नाला, मला नाही निघाला." दोघी हसल्या. चौथ्या दिवशी तो हाक मारली की बायकोचा हात दाबायला लागला.

पाचव्या दिवशी मावशीने शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं पोट दुखतंय असं परस्पर डॉक्टरांना सांगितलं. पोट ठीक निघालं. मोठ्या सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मावशी, तुमचं काम अंथरुणाचं. डॉक्टरकी आम्ही बघतो." मावशीला ते फार लागलं. त्यानंतर तिने कामापुरतंसुद्धा तोंड उघडलं नाही.

सहाव्या दिवशी रंगाऱ्याला ताप भरला. छातीत कफ वाजत होता, म्हणून डॉक्टरांनी छातीचा संसर्ग धरून औषध सुरू केलं. सातव्या दिवशी सकाळी मावशीने नेहमीप्रमाणे त्याच्या डोक्याखाली हात घातला, तर मान वाकेचना. डोक्याबरोबर खांदे, पाठ, सगळं फळीसारखं वर आलं आणि दोन्ही गुडघे आपसूक पोटाकडे ओढले गेले. कालपर्यंत ही मान मऊ होती. असं तिने इतक्या वर्षांत चार-पाचदा पाहिलं होतं, आणि दर वेळी पुढे डॉक्टरांच्या तोंडून एकच ऐकलं होतं: मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग.

मोठ्या सिस्टर तीन पावलांवर तक्ता भरत होत्या. शब्द मावशीच्या ओठांवर आले. मग तिने उशी ठेवली, चादर खोचली. आमचं काम अंथरुणाचं, विचारलं तर सांगू. पण कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने हात दाबायचं बंद केलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी नळीतलं पाणी तपासायला घेतलं, ते गढूळ होतं. त्यात जंतू सापडले. नळी बदलली, नवी औषधं लागली, धावपळ झाली. मावशी कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालत राहिली, मोडून पुन्हा घालत राहिली.

त्याच्या पुढच्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना गाठून सगळं सांगितलं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"रुसले होते," मावशी म्हणाली.

"एक दिवस आधी कळलं असतं तर फरक पडला असता का, मी सांगू शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडलाही असता." मोठ्या सिस्टरांच्या कानावर गेलं, तेव्हा त्या येऊन एवढंच म्हणाल्या, "मीही तसं बोलायला नको होतं." त्यांनाही ते जड गेलं असावं.

रंगारी वाचला. पाच आठवड्यांनी चाकांच्या खुर्चीवरून घरी निघाला. "हे मला ताई म्हणतात," बायको मावशीला सांगत होती. "त्यांची बहीण लहानपणीच गेली, मला तीच समजतात. असू दे. माणूस घरी येतोय." आणि तिने मावशीचे दोन्ही हात धरले. "तुम्ही त्यांचं किती केलंत."

त्या सकाळचं तिला सांगायचं, असं मावशीने रात्रभर ठरवलं होतं. जीभच उचलली नाही.

आता मावशी प्रत्येक मानेबद्दल बोलते. बहुतेक वेळा काही निघत नाही, म्हाताऱ्यांच्या माना हाडांनीच धरलेल्या असतात. तरी डॉक्टर येतात, पाहतात, कुणी चिडत नाही. रंगाऱ्याची बायको मात्र दर महिन्याला त्याला तपासणीला आणते, आणि मावशीला भेटायला म्हणून आवर्जून वर येते. तिचा आवाज जिन्यात ऐकू आला की मावशी चादरींच्या खोलीत काहीतरी काम काढते, आणि ती खाली उतरेपर्यंत बाहेर येत नाही.