तोंडातले खिळे

सोफेवाला मुका आहे, असं गल्लीत नव्यानं आलेल्या माणसाला हमखास वाटायचं. मुका कसला! खुर्चीला कापड मढवताना बारीक खिळे ओठांत धरायचे आणि जिभेनं एकेक पुढे ढकलायचा, ही त्याच्या उस्तादाची शिकवण. तोंडात मूठभर लोखंड घेऊन माणूस गप्पा काय मारणार, कपाळ? त्यामुळे बोलण्याचं खातं सगळं बायकोकडे. गिऱ्हाइकाशी हुज्जत तिची, लेकीला रागावणं तिचं आणि मांजरांवर हुकूमही तिचाच.

मांजरं दोन, करडी आणि बोका. बायको "उतर गं" म्हणाली की करडी नव्या सोफ्यावरून मुकाट्यानं खाली. "चला जेवायला" म्हटलं की बोका पत्र्यावरून हजर. सोफेवाल्यानं खिळे हातावर काढून "हट्! उतर!" असा घसा ताणला, तर दोघं ढिम्म. वर त्याच्या डोळ्यांदेखत कापडाला नखं लावायची. त्याचा तिळपापड व्हायचा.

ती हसायची. "वर्षातून चार शब्द बोलता, त्यातल्या तीन शिव्या. ओळखणार कशी ती तुम्हाला?"

एका सकाळी चहा गाळताना तिचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. इस्पितळातून परत आली ती नुसतं "अ... अ..." घेऊन. मांजरांना रान मोकळं झालं. तिच्या अंथरुणावर उड्या काय, पायांत घोटाळणं काय! भिंतीला धरून चालताना एकदा ती बोक्यावर अडखळली, पडता पडता वाचली.

लेक तिच्या घरून धावत आली. "बाबा, मी नेते या मांजरांना माझ्याकडे. आई पडली म्हणजे?"

तिच्या आईनं डाव्या हातानं करडीला छातीशी असं आवळलं, की लेक नरमली. "बरं, रविवारपर्यंत बघते. तुमचं ऐकायला लागली, तर राहू देत."

झालं! म्हातारा इरेला पेटला. ही मांजरं गेली तर बायको अंथरूण सोडणार नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं. खिळे वाटीत गेले. त्यामुळे काम निम्म्यावर आलं, तरी तोंड चालू. शब्द तिचेच, चालही तिचीच, "उतर गं... चला जेवायला." ऐकलं की मासळीचा तुकडा, नाही ऐकलं तर काही नाही. आधी करडीनं कान हलवला. मग बोका अर्ध्या वाटेपर्यंत आला. हळूहळू दोघं वठणीवर आली.

रविवारी लेक आली तेव्हा करडी आईच्या मांडीवर डोळे मिटून पडली होती.

"उतर गं," तो म्हणाला.

करडी टुणकन उतरली आणि त्याच्या पायाशी येऊन बसली.

"अगंबाई! बाबा, तुमचं ऐकते की!" लेक हरखली. त्यालाही, खोटं कशाला बोला, छाती फुगल्यासारखं झालं.

बायकोनं मांडी थोपटली. "अ... अ..."

करडीनं वळून पाहिलं नाही.

तिनं पुन्हा थोपटली, जरा जोरात. करडी सोफेवाल्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग बायकोनं भिंतीकडे तोंड फिरवलं. लेक निघाली, तरी तिनं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी तो म्हणाला, "जा गं, आईकडे जा." करडी गेली, अंथरुणावर चढून बसली. पण हुकमानं आलेल्या मांजराला बायकोनं हातसुद्धा लावला नाही. त्याला भडभडून आलं. आयुष्यभर ज्यासाठी हिच्यावर जळलो, ते मिळालं, आणि मिळालं ते हिच्या हातातून काढून.

तो उठला. करडी मागोमाग उतरली. काम काही नव्हतं, तरी त्यानं वाटीतले खिळे ओठांत भरले आणि खाटेपाशी खाली बसला. आता निदान आपल्या तोंडून शब्द निघणार नाही, मग येईल ती तिच्याकडे.

"अ... अ..." बायकोनं हाक मारली.

करडी त्याच्यासमोरच बसून होती. त्याच्या खिळे भरलेल्या ओठांकडे टक लावून ती हुकमाची वाट बघत होती.