जरा पुढे आलेला सुळा

दामूकाका गेले हे मला दातांचं सामान पुरवणाऱ्या माणसाकडून कळलं. प्लास्टरचे डबे उतरवता उतरवता तो म्हणाला, "ते कवळ्या करणारे काका वारले ना, पंधरा दिवस झाले." मी "अच्छा" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत घेतला. त्या पेशंटचं काय केलं, आज आठवत नाही. दीड महिना झाला, मन कशात म्हणून लागत नाही.

काका मूळचे पनवेलजवळच्या कोन गावचे. पनवेलच्या बाजारात एका जिन्याखालच्या खोलीत त्यांची लॅब. मी खारघरच्या कॉलेजातून पास होऊन नुकताच दवाखाना थाटला होता आणि मला सगळं येतं असा माझा ठाम समज होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक सुटा दात माझ्या तळहातावर ठेवला. "डावा का उजवा?" वरचा सुळा आहे एवढंच कळलं. त्यांनी माझं बोट टोकावरून फिरवलं... पुढच्या दातांकडचा उतार आखूड, दाढांकडचा लांब. "आनि मूळ बघा केवढं! तोंडात एवढं लांब कुनाचंच नाय. ओठाचा कोपरा याच्यावर टेकलेला हाय, डॉक्टर." परीक्षेत हे सगळं मी लिहून आले होते. बोटाला ते तेव्हा कळलं.

मग उरणच्या हिराबाई आल्या. मासळी विकणाऱ्या, जेट्टीवर घसरून वरचे चार दात गेलेले. जुन्या फोटोत त्यांचा डावा सुळा चांगला पुढे आलेला, जरा वळलेला. मी हौसेने काकांकडून कवळीत सगळे दात एका ओळीत बसवून घेतले. काका म्हणाले, "बाय हसनार नाय यात." मी ऐकलं नाही. हिराबाई खरंच तोंडाला पदर लावून बोलायला लागल्या. "आरशात दुसरीच बाय दिसते," म्हणाल्या. सवय होईल, म्हटलं मी. महिन्याभराने त्या माझ्या दारात हसत उभ्या! परस्पर काकांकडे गेल्या होत्या, आणि काकांनी मला न विचारता सुळा पुढे काढून दिला होता.

असा संताप झाला माझा! "डॉक्टर मी आहे की तुम्ही?" काका म्हणाले, "तुमीच." एवढंच. त्या दिवसापासून मी काम दुसरीकडे द्यायला लागले. पूर्वी कवळी तयार झाली की ते मिस्ड कॉल द्यायचे. सहा महिन्यांनी एकदा त्यांचा मिस्ड कॉल आला, माझं काहीच काम त्यांच्याकडे नसताना. मी उलटा फोन केला नाही. का नाही केला? काय सांगायचं होतं त्यांना? चूक माझी होती, हे तर हिराबाई हसल्या तेव्हाच मला कळलं होतं.

गेल्या आठवड्यात हिराबाई आल्या. कवळी मोरीत पडून सुळा निखळला, वाहून गेला. "काकाला द्या. त्यांना ठाव हाय कसा लावायचा." काका नाहीत, हे माझ्या तोंडून निघेना. उद्या या, म्हणाले. प्लास्टिकचे तयार सुळे घेऊन दिवसभर आकाराला घासत बसले. पहिला तर घाईत उजवाच घेतला होता. दुसऱ्याचं टोक गेलं. तिसरा जरा वळवून, पुढे काढून बसवला.

हिराबाईंनी कवळी लावली, जिभेने चाचपली, आरशात बघून खळखळून हसल्या.

"काकानीच केला ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग त्यांना सांगा, बरोबर झालाय."

सांगते, म्हणाले... आणि हे लिहायला बसले.