राणीची पाठ

ती माझी धाकटी बहीण. सख्खी, पाठची. मी सातवीपर्यंत शिकलो, टायरचं दुकान चालवतो, लिहायची सवय नाही. पण तिच्यावर दुसऱ्या कुणी लिहिलं तर कमीच लिहील, म्हणून मीच बसलो.

घरात तिला बारकी म्हणतात. थिएटरात मावशी. नाटकात पडद्यामागे नटनट्यांना कपडे चढवायचं तिचं काम. "म्हणजे कपडे सांभाळते होय?" असं एक गिऱ्हाईक म्हणालं होतं. त्याला मी हातातला पाना खाली न ठेवता समजावलं. कपडे खुंटीसुद्धा सांभाळते. माझी बहीण माणूस बदलते, आणि ते पण अंधारात.

आमच्या थिएटरात एक नाटक वर्षानुवर्षं चाललंय. त्यात एकच बाई आधी मोलकरीण होते आणि पुढच्या प्रवेशात राणी. मोलकरीण डावीकडून आत जाते, एक गाणं होतं, गाणं संपलं की उजवीकडून राणी येते. लोक टाळ्या पिटतात, त्यांना वाटतं दोन बाया आहेत. मधल्या वेळात मागच्या पडद्याआड काय होतं ते मी बघितलंय. मला आत सोडतात, मावशीचा भाऊ म्हणून. दिवा लावता येत नाही, पडद्यावर सावली पडते. बोलता येत नाही, पुढे ऐकू जातं. बाई पळत येतात, पाठ करून उभ्या राहतात. बारकी मोलकरणीचा झगा उतरवते, राणीचा चढवते, मानेपासून कमरेपर्यंत हूक लावते आणि बाईंचा खांदा दाबते. खांदा दाबला म्हणजे झालं, निघा. बाई मागे हात लावून बघत नाहीत. कधीच नाही. सरळ उजेडात जातात. एवढा विश्वास माझ्या जॅकवर मी ठेवत नाही.

मागच्या वर्षी बारकीची बोटं बधिर व्हायला लागली. आधी टोकं, मग पेरं. इस्त्री करताना बोट भाजलं ते तिला वासावरून कळलं. डॉक्टर म्हणाला, मनगटात शीर दबलीय. ऑपरेशन करा, काही महिने हाताला काम नको, मग बघू येतंय का परत.

"बघू म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बघू," डॉक्टर म्हणाला.

काही महिने थिएटर कुणासाठी थांबतं? तिच्या जागेवर डोळा ठेवून चौघीजणी बसल्यात. नवरा लवकर गेला, पोर नाही, माझ्या घरी राहते ते पण मान वर करून. ते काम गेलं तर ती जेवेल, झोपेल, पण तिच्यात काय उरेल ते मला सांगता येत नाही. तिनं मला बजावलं, "दादा, कुणाला बोललास तर बघ." मी बोललो नाही. मला ओळखणाऱ्यांचा यावर विश्वास बसणार नाही.

मग घरात सराव सुरू झाला. थिएटरातला जुना, विटलेला राणीचा झगा तिनं मागून आणला. दुपारी माझी बायको तो घालून शेगडीपुढे उभी राहायची आणि बारकी डोळे मिटून मागून हूक लावायची.

"वहिनी, हलू नका ना."

"अगं, भाजी लागतेय. आणि राणी झाले तर भांडी कोण घासणार? तुझा दादा?"

"दादा नुसता हुकूम सोडेल."

"ते तो मी मोलकरीण असतानाही सोडतो."

दोघी हसायच्या. हसता हसता बारकी थांबायची, कारण हूक हातात आहे की सुटला हे तिला कळायचं नाही.

ती थिएटरच्या शिंप्याकडे गेली, म्हणाली, काका, प्रयोगातल्या झग्याला मोठे हूक लावून द्या. शिंपी म्हणाला, "राणीच्या पाठीला काय गोठ्याच्या कड्या लावू?" पण लावले. त्यावर थोडे दिवस निघाले.

मग रविवारचा दुपारचा प्रयोग आला. त्या दिवशी मी मुद्दाम आत जाऊन उभा राहिलो. मी जवळ असलो की तिचं वाईट होत नाही, असं मला आपलं वाटायचं.

गाणं सुरू झालं. बाई पळत आल्या, पाठ केली. आधी मला काही दिसेना, मग डोळे सरावले. बारकीची बोटं झग्यावर नुसती फिरत होती, काचेवर माशी फिरते तशी. वरचे हूक लागले. पुढचा सापडेना. तेव्हा तिनं काय करावं? वाकून बाईंच्या पाठीला तोंड लावलं. ओठांनी हूक शोधायला लागली. ओठांना कळत होतं ना अजून. एक सापडला, दातांनी ओढला, लागला. बाई दचकल्या, पण हलल्या नाहीत. गाण्याचं शेवटचं कडवं चालू झालं. माझ्या बहिणीचा श्वास मला ऐकू येत होता.

गाणं संपलं. बाकीचे हूक उघडेच होते. तिनं खांदा दाबला नसता तर बाई थांबल्या असत्या, स्टेज रिकामं राहिलं असतं, आणि सगळ्यांना कळलं असतं.

तिनं खांदा दाबला.

राणी उजेडात गेली. सिंहासनाकडे जायला प्रेक्षकांकडे पाठ केली, आणि झगा मधून फाकला. राणीला लेकाच्या मरणाची बातमी येते, तो प्रवेश. पाचशे माणसं हसली. बाईंनी एक हात मागे धरून पुरा प्रवेश केला.

पडदा पडल्यावर बाई आत आल्या. आम्हाला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मावशी, तू खांदा दाबलास," त्या म्हणाल्या.

मॅनेजर धावत आला. मी मध्ये पडलो. "हूक तुटला! तुमचा माल हलका. माझ्या बहिणीच्या हातून आजवर…"

"दादा, गप्प बस," बारकी म्हणाली. सगळ्यांसमोर. "हूक चांगला आहे. माझे हात गेलेत, बाई. वर्ष होत आलं."

मॅनेजर म्हणाला, "उद्या सकाळी या, बोलू."

घरी येईपर्यंत मी मात्र बडबडत होतो. शहरात काय एकच थिएटर आहे का, मी उद्या बघतोच एकेकाला, असलं काहीबाही. ती जेवली नाही. तो जुना झगा तिनं घडी घालून पिशवीत भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान बंद ठेवून तिच्यासोबत गेलो. मॅनेजरपुढे बारकीच्या जागेसाठी आलेली एक नवी मुलगी बसली होती, अवघडलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाई आल्या, राणीचा झगा घालूनच, आणि बारकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"लाव," म्हणाल्या. "उजेड आहे. घाई नाही."

बारकीनं हात वर केले. वरचा हूक धरला, निसटला. परत धरला, परत निसटला. मॅनेजर खिडकीबाहेर बघायला लागला. बाई ताठ उभ्या. मी मनात म्हणत होतो, एक लागू दे, एकच. कपाळावरून घाम तिच्या डोळ्यात उतरला, तरी ती धरतच होती.

मग तिनंच हात खाली घेतले.

"बाई, हिला करू दे," ती म्हणाली आणि नवीला बोलावलं. नवी उठली, हात पुढे केला. "थांब. आधी ती अंगठी काढ. कापडात अडकते."

अंगठी घट्ट होती, निघेना. बारकी तिला मोरीकडे घेऊन गेली आणि तिच्या बोटाला साबण लावायला लागली.