नसलेल्या दाराची कडी

थाटीपूरच्या कूलरवाल्याचं ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले. पण पोलिसांवर लोक विश्वास का ठेवत नाहीत, असं कुणी विचारलं की मला खून-दरोडे आठवत नाहीत, ही साधी चोरी आठवते.

आमचं घराणं दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आलेलं. घरात मराठी, ठाण्यात हिंदी, अशीच माझी सगळी नोकरी झाली. त्या वेळी मी ठाण्याचा प्रभारी होतो. खिशात एक छोटी वही असायची. आरोपीला न्यायालयात हजर करण्याआधी मी तिच्यात चार प्रश्न लिहून त्यांच्यापुढे खुणा करत असे : कोण, कधी, कसा शिरला, माल कुठे. सहकारी हसायचे. हसू दे.

शनिवारी संध्याकाळी एक सरकारी कर्मचारी तक्रार घेऊन आला. दुपारी नवरा-बायको बाहेर असताना थाटीपूरच्या सरकारी ब्लॉकमधल्या त्यांच्या क्वार्टरमधून बायकोच्या दागिन्यांचा डबा गेला होता. ठाण्याच्या लेखनिकाने, मुंशीने, फिर्याद लिहिली, फिर्यादीने न वाचता सही केली, मीही केली. त्याच रात्री चौकातल्या पानवाल्याचा, म्हणजे आमच्या खबऱ्याचा, निरोप आला : त्या ब्लॉकमध्ये कूलरचं काम करणारा माणूस कोण कधी घरी असतं याची चौकशी करत फिरत होता. गुरुवारी तो फिर्यादीच्या घरी कूलरमधलं जुनं गवत काढून नवं भरून गेला होता. दहा वर्षांपूर्वीच्या एका मारामारीत त्याचं नावही होतं. एवढं पुरेसं वाटलं. रविवारी सकाळी नऊ वाजता तो त्याच ब्लॉकमध्ये दुसऱ्या घरी काम करत असताना आमच्या लोकांनी त्याला जीपमध्ये घातलं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याला आणलं होतं, पण कागदावर अटक दाखवली नव्हती. 'पूछताछ के लिए बुलाया' एवढाच शब्द. म्हणजे तो सुटलेलाही नव्हता आणि अडकलेलाही नव्हता. हे नियमात बसत नाही हे मला माहीत होतं. चौकशी हवालदाराकडे दिली आणि मी घरी गेलो. चौकशी कशी करणार, हे मी विचारलं नाही. अशा वेळी न विचारण्याची आम्हाला सवय असते.

सोमवारी सकाळी हवालदार खुशीत होता.

"सर, मान गया. पूरा बयान तैयार है."

बयान मी वाचलं. मागच्या दाराची कडी तोडून आत शिरलो, डबा घेतला, घाबरून मुरार नदीत फेकला. बारा वाजता अटक दाखवायची, मग न्यायालय, मग तुरुंग. जामीन द्यायला कुणी नव्हतं, म्हणजे काही महिने तरी आत. ठाण्याबाहेर त्याची बायको पायरीवर बसली होती. हवालदाराने मोठ्या साहेबांना रात्रीच कळवलं होतं की गुन्हा उघडकीस आला.

मी वही काढली. कोण, कधी, कसा : तीन खुणा झाल्या. चौथ्या प्रश्नाशी पेन थांबलं. दागिन्यांसाठी घर फोडणारा माणूस दागिनेच नदीत का फेकेल? संशयापेक्षा मला कुतूहल जास्त होतं. त्याला बोलावलं. पाय सुजले होते, भिंतीला धरून उभा राहिला.

"कडी कैसी थी?" मी विचारलं.

त्याने आधी हवालदाराकडे पाहिलं. "लोहे की, साहब."

"दरवाज़ा किस तरफ़ खुलता है?"

"जिस तरफ़ आप कहें."

हवालदार हसला. मी हसलो नाही. जीप काढायला सांगितली आणि थाटीपूरला गेलो.

तो ब्लॉक दुमजली, सोळा क्वार्टरचा. फिर्यादीचं घर वरच्या मजल्यावर होतं. त्याच्या बायकोने दार उघडलं.

"पीछे का दरवाज़ा दिखाइए."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "पीछे का? साहब, पीछे दरवाज़ा होता तो हम रोज़ नीचे गिरते."

मागे फक्त जाळीची खिडकी होती आणि खाली पंधरा फूट. जाळी शाबूत. पुढच्या दाराचं कुलूपही शाबूत. म्हणाली, "इन्होंने तो लिखवाया था कि ताला वैसे का वैसा था. कैसे घुसा, समझ में नहीं आता."

परत येऊन फिर्याद काढली. तिच्यातही मागच्या दाराची कडी तोडलेली होती. मुंशीला विचारलं. तो सरळ माणूस, त्याने खोटं सांगितलं नाही.

"सर, चोरी की रिपोर्ट में घुसने का तरीका तो लिखना पड़ता है. हम तो हमेशा यही लिखते हैं."

वीस वर्षं तो तेच वाक्य लिहीत आला होता. घटनास्थळाचा नकाशाही ठाण्यात बसूनच काढलेला, त्यातही मागचं दार होतं. आणि कूलरवाला, जो गुरुवारी त्या घरात दोन तास काम करून आला होता, ज्याला त्या घराला मागचं दार नाही हे आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं, त्याने नसलेल्या दाराची कडी तोडल्याचं कबूल केलं होतं. कबुली त्याची नव्हतीच. आमचाच कागद आम्ही त्याच्या तोंडून वाचून घेतला होता. त्या कागदाखाली माझी सही होती.

साडेअकरा झाले होते. मोठ्या साहेबांना फोन केला.

"सर, आदमी ग़लत है. छोड़ रहा हूँ."

"तो चोर कौन है?"

"मालूम नहीं, सर."

मग म्हणाले, "लिख के छोड़िए. जो सच है वही लिखिए, बाद में जवाब आप ही को देना है."

हवालदार कानाशी येऊन म्हणाला, "सर, रोजनामचे में बस इतना लिख दें, पूछताछ के बाद छोड़ा." मी ठाण्याच्या त्या रोजच्या नोंदवहीत स्वतः लिहिलं : बयान घटनास्थळाशी जुळत नाही, बयान विश्वासार्ह नाही. हवालदाराकडून लेखी खुलासा मागवला. स्वतःचाही लिहून वर पाठवला.

कूलरवाला मात्र जाईना.

"साहब, लिखकर दे दो कि मैं चोर नहीं हूँ. मेरा काम घर के अंदर का है. कौन घुसने देगा?"

ठाण्यात प्रत्येक गोष्टीचा छापील नमुना असतो. अटकेचा, जप्तीचा, जामिनाचा. हा नव्हता. मी कपाट उघडून खरंच शोधत होतो, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "काग़ज़ कौन पढ़ेगा? जहाँ से उठाया था, वहीं छोड़ के आओ."

बाईचं म्हणणं मला पटलं. दोघांना जीपमध्ये बसवलं. ब्लॉकच्या आवारात उतरलो आणि मोठ्याने सांगितलं : या माणसाने चोरी केलेली नाही, चूक पोलिसांची आहे. गॅलऱ्यांमध्ये काही डोकी दिसली.

मी जीपकडे वळलो, तेवढ्यात तळमजल्यावरच्या खिडकीतून मराठीत हाक आली. "अहो साहेब, दोन मिनिटं आत या."

त्या निवृत्त शिक्षिका होत्या, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या. पाण्याचा पेला पुढे केला आणि बोलायलाच लागल्या.

"शनिवारी दुपारी वरच्यांचा साला आला होता. खिशातून चाबी काढत जिना चढला, वर कुलूप खोलल्याचा आवाज आला, दहा मिनिटांत थैली घेऊन उतरला. मी याच खिडकीत होते."

"बाई, आमचा शिपाई काल विचारायला आला होता. त्याला का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होते हो! त्याने पहिलाच सवाल काय केला? 'माताजी, आप दिन भर खिड़की में बैठकर करती क्या हैं?' मी म्हटलं, कुछ नहीं देखा. उद्या मलाच जीपमध्ये घालाल."

"मग आज?"

"आज तुम्ही 'आमची चूक' म्हणालात. या वयात प्रथमच ऐकलं. पण माझं बयान मीच लिहीन. तुमच्या मुंशीच्या हातून नाही."

त्यांनी शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात हिंदीतून एक पान लिहिलं. असं नेमकं बयान मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. साल्याला संध्याकाळी बोलावलं, बहिणीच्या घराची चाबी टेबलावर ठेवायला सांगितली आणि शिक्षिकेचं पान वाचून दाखवलं. आवाज चढवावा लागला नाही. शहरातल्या बाडा चौकाजवळच्या त्याच्या भाड्याच्या खोलीत डबा सापडला. फिर्यादी हात जोडत आला, "साहब, घर की बात है, रहने दीजिए." कूलरवाल्याला जीपमध्ये घातलं तेव्हा ती घरची बात नव्हती, एवढंच मी त्याला म्हणालो. प्रकरण न्यायालयात गेलं.

मला वाटलं, संपलं. चार दिवसांनी कूलरवाला चौकात भेटला. गवताचे गठ्ठे तसेच सायकलला बांधलेले.

"उस ब्लॉक में काम चालू हुआ?"

"कोई बुलाता नहीं, साहब."

"मैंने तो सबके सामने कहा था."

"सबके सामने नहीं, साहब." त्याच्या आवाजात राग नव्हता, हिशेब समजावून सांगावा तसं तो बोलला. "उठाया था इतवार को, सब घर पे थे. छोड़ने आए सोमवार को, सब ड्यूटी पे थे."

पोलिसांच्या अधिकाराबद्दल मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत, दोन-चार दिलीही आहेत. एखाद्याला उचलायला आम्हाला दहा मिनिटं लागतात आणि ते सगळं गाव पाहतं, हे त्यातल्या एकाही व्याख्यानात नव्हतं. चूक दुरुस्त करायची तर ती जितक्या लोकांनी पाहिली तितक्यांपर्यंत स्वतःच्या पायांनी जावं लागतं. त्यासाठी कायद्यात कलम नाही, पण मनाईही नाही.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी गणवेशात त्या ब्लॉकमध्ये गेलो. वहीत एक ते सोळा आकडे लिहिले होते. प्रत्येक दार वाजवलं, तेच सांगितलं, खूण केली. तिसऱ्या क्रमांकावर एका गृहस्थाने विचारलं, "तो वो कूलरवाला मिलेगा कहाँ? हमारा पंखा भी आवाज़ कर रहा है."

दोन दारं उघडली नाहीत. आत रेडिओ चालू होता. ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि सात आणि बारा या आकड्यांपुढची जागा कोरी आहे.