लाल दोऱ्यात बांधलेले चुंबक

मुकुटबनकडच्या एका दोन खोल्यांच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवायचे. शाळेला विज्ञानाची पेटी मिळाली होती आणि तिच्यात दोन पट्टी चुंबक होते, एक टोक लाल, एक निळं. पोरांनी ते फक्त कपाटाच्या काचेतून पाहिलेले. चावी हेडमास्तरांच्या खिशात. मी मागितली की एकच उत्तर, "मोडलं तं इन्स्पेक्शनले काय दाखवू, मॅडम?" माझं डोकंच फिरायचं. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सरस्वतीपूजनाला, ती पेटी बाहेर यायची आणि हळदकुंकू लावून परत आत जायची.

ती बोंडअळीची वर्षं. अळीतून वाचलेला कापूस लवकर घरात आणायची घाई, त्यामुळे दिवाळीनंतर माझा वर्ग अर्धा रिकामा असायचा. दुसरीतली एक मुलगी तर वेचणी लागली की दिसायचीच नाही. आई कापूस वेचायची आणि ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, धाकट्या बहिणीला सांभाळायची. पण चुंबकाचं वेड तिलाच जास्त. काचेला नाक लावून विचारायची, "मॅडम, ते खरंच लोखंड ओढते?"

आठ दिवस हेडमास्तरांशी भांडून मी चावी मिळवली आणि त्याच संध्याकाळी तिच्या आईकडे गेले.

"पोरगी शाळेत गेली तं बारकीले कोण पाहीन?" आई म्हणाली.

"बारकीलाही पाठवा. एकच दिवस. उद्या ती स्वतःच्या हातानं चुंबक लावून बघेल, माझा शब्द."

दुसऱ्या दिवशी ती तेल लावून, वेणी घालून, कडेवर बहीण घेऊन पहिल्या रांगेत. मी खिळे, टाचण्या, बटणं, खडू, चिंचोके मांडले. चिकटेल ते एकीकडे, न चिकटेल ते दुसरीकडे, असे पोरांनी अंदाजानं ढीग केले. मग मी तिच्या हातात चुंबक दिला. तिनं टाचणीवर धरला. टाचणी हलली नाही. दुसरा दिला, तोही तसाच. तिनं दाबून धरला, उलटा धरला, फुंकर मारली. मागची पोरं हसली. ती मात्र मलाच समजवायला लागली, "मॅडम, हे थकलं अशीन."

मधल्या सुट्टीत मी हेडमास्तरांवर तुटून पडले. कपाटात कोंडून ठेवलं की असंच होणार, वगैरे बरंच बोलले. बोलता बोलता लक्ष हातातल्या लाल दोऱ्याकडे गेलं. तो सकाळी मीच चुंबकांवरून सोडला होता. दर दसऱ्याला मीच बांधायचे. ताटात छान दिसावं म्हणून लाल टोकाला लाल टोक लावायचे. ते एकमेकांना ढकलायचे, तर मी दोरा आणखी आवळायचे. सारखी टोकं अशी वर्षानुवर्षं बांधून ठेवली की जोर जातो, हे मी डीएडच्या परीक्षेत लिहून आले होते. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी पोरांकडून पाठ करून घेत असे. हेडमास्तरांनी चुंबक पुसून पेटीत ठेवले, याचाही मला राग आला.

रविवारी बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून फुटक्या स्पीकरचा गोल चुंबक आणला आणि थेट त्या मुलीच्या शेतात गेले. बारकी धुऱ्यावर झोळीत झोपली होती आणि ही कमरेला ओटी बांधून आईच्या मागे वेचत होती. मी चुंबक मातीतून फिरवला. काळे बारीक कण त्याला केसांसारखे उभे चिकटले.

"बघ, ओढतोय. हात लाव."

तिनं वाकून पाहिलं. हात पुढे आला आणि मागे गेला.

"राहू द्या मॅडम. हाताले काळं लागलं तं कापसाले लागन. माय रागावन."

आई पुढच्या ओळीत पोचली होती. तीही आईमागे गेली.

घरी येऊन मी पिशवी उलटी केली. किल्ल्या, टाचण्या, केसांतल्या पिना, सगळं त्या चुंबकाला घट्ट चिकटून बसलं होतं. मी एकेक ओढून काढत बसले.